तिसरा दरवाजा

(युवकांच्या मेळाव्यातलं भाषण. बोलताना जे निसटलं ते लिहिताना घातलं आहे.)

माझी ओळख करून देताना मघाशी कुणीतरी 'परदेशात शिकून आलेले' असं म्हणालं. मागं बसलेल्या माझ्या टोळीतल्या पोरांनी लगेच शिट्ट्या मारल्या. बरोबर मारल्या. आपल्यात परदेशी शिकणं म्हटलं की एकच माणूस डोळ्यांपुढं उभा राहतो, म्हणून मी आधीच कान पकडतो. मी मॅट्रिक. मुंबईच्या गोदीत ठेक्यावर माल उचलतो. रात्री कविता लिहितो. २०२३ साली युनियनमार्फत चार महिन्यांच्या कामगार-शिक्षण वर्गासाठी दक्षिण आफ्रिकेतल्या दरबानला गेलो. बस्स, एवढंच माझं परदेशी शिक्षण. आणि गंमत म्हणजे तिथं बारावीला मॅट्रिक म्हणतात. म्हणजे तिथल्या हिशेबानं मी मॅट्रिकसुद्धा नाही!

वर्गात काय शिकलो त्याच्या वह्या आहेत, कुणाला पाहिजे त्यानं न्याव्यात. मी आज बोलणार आहे ते एका घराबद्दल. उम्लाझी नावाच्या वसाहतीतलं झुलू लोकांचं चार खोल्यांचं घर. राहायची सोय तिथं होती. खरा वर्ग तिथंच भरत होता, संध्याकाळी, स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती.

उम्लाझी म्हणजे दरबान शहराबाहेर काळ्या माणसांसाठी गोऱ्या सरकारनं बांधलेली वस्ती. आज ती देशातल्या सगळ्यात मोठ्या वस्त्यांपैकी एक आहे. विभागांना नावं नाहीत, इंग्रजी अक्षरं. माणसांना राहायला जागा दिली ती वखारीतल्या मालावर खुणा माराव्या तशी. एका छापाची हजारो घरं, प्रत्येकाला चार खोल्या. आमच्या घरात गोगो, म्हणजे आजी, वय त्र्याऐंशी. तिचा मुलगा, ज्याला सगळे बाबा म्हणायचे. झुलू भाषेतही बापाला बाबाच म्हणतात! पहिल्या दिवशी तो शब्द ऐकला आणि मी दचकून मागं पाहिलं. त्याची बायको, तिला ममा म्हणायचं. आपल्याकडं मामा म्हणजे आईचा भाऊ, त्यामुळं पहिला आठवडा माझी जीभ अडखळत होती. थोरला मुलगा, त्याची बायको, आणि धाकटा एकोणीस वर्षांचा, त्या वर्षी मॅट्रिकला बसणारा.

दाराशी गोगो म्हणाली, 'सावुबोना.' हा तिथला नमस्कार. अर्थ, आम्ही तुला पाहिलं. उत्तर द्यायचं, 'येबो.' म्हणजे होय. ज्यांच्या आजोबा-पणजोबांची सावलीसुद्धा लोकांनी पाहून घेतली नाही, त्या घरातला मी. 'आम्ही तुला पाहिलं' असं कुणी म्हटल्यावर काय वाटतं ते मी तुम्हाला फोडून सांगत बसत नाही.

मग तिनं विचारलं, आडनाव काय?

दोस्तांनो, हा प्रश्न तुम्हालाही ठाऊक आहे. भाड्यानं खोली बघायला गेलो की हा प्रश्न. गाडीत शेजारच्याशी दोन शब्द जुळले की हा प्रश्न. आडनावानं भागलं नाही तर गाव कुठलं, गावात कुठल्या बाजूला. या प्रश्नाला माझ्या अंगात एक उत्तर कायम तयार असतं, आणि ते उत्तर म्हणजे टाळाटाळ. सात हजार किलोमीटर ओलांडून गेलो तरी पोटात तोच गोळा. मी नुसतं माझं नाव सांगितलं. गोगोनं पुन्हा विचारलं. मी पुन्हा नाव सांगितलं.

धाकटा हसायला लागला. त्यानं समजावलं. झुलूत आडनावाला 'इसिबोंगो' म्हणतात. 'बोंगा' म्हणजे स्तुती करणं, आभार मानणं. 'न्गियाबोंगा' म्हणजे मी आभारी आहे. राजाची, शूराची स्तुती करणाऱ्या काव्याला 'इझिबोंगो', आणि ते म्हणणारा कवी 'इम्बोंगी'. सगळी एकाच मुळाची पोरं. म्हणजे आडनाव या शब्दाच्या पोटातच स्तुती आहे. आणि प्रत्येक आडनावामागं कुळाची स्तुतिनामं असतात, 'इझिथाकाझेलो'. खुमालो आडनावाच्या माणसाला आदरानं 'म्न्तुंग्वा' म्हणायचं. मंडेला झुलू नव्हेत, खोसा. पण सगळं जग त्यांना मादिबा म्हणत होतं ते त्यांच्या कुळाचं नाव. आडनाव कशासाठी विचारायचं? तर माणसाला नीट हाक मारता यावी, त्याच्या पूर्वजांसकट त्याला सलाम करता यावा म्हणून. आणखी एक. एका कुळातल्या मुलामुलीचं लग्न होत नाही, बाहेरच करावं लागतं. आपल्याकडं आडनाव विचारतात ते मुलगी बाहेर जाऊ नये म्हणून!

म्हातारी थांबली होती. तिला माझं स्तुतिनाम पाहिजे होतं. मी म्हणलं, आमच्याकडं तसं नसतं. बाबा म्हणाला, असं होतच नाही, प्रत्येक माणूस कुठून तरी आलेला असतो. मग मी आडनाव सांगितलं. आणि म्हणलं, आमच्यात भेटल्यावर एकमेकांना 'जय भीम' म्हणतात. गोगोनं विचारलं, हा भीम तुमचा पूर्वज का? मी क्षणभर विचार केला आणि म्हणलं, होय. त्या दिवसापासून चार महिने मला त्या घरात एकच हाक होती. 'भीमा!'

आता खाण्याचं सांगतो, कारण माणूस कुठला आहे ते ताटात कळतं. रोजचं जेवण 'फुथु', मक्याच्या पिठाचा मोकळा रवाळ सांजा म्हणा, आणि त्यावर 'आमासी', आंबवलेलं घट्ट दूध. 'आमादुम्बे' म्हणून कंद उकडला, तर तो निघाला आपल्या अळकुडीसारखा. आणि पहिल्याच रविवारी मोठ्या पातेल्यात 'उसू'. वास आला आणि मी उठून उभा राहिलो. वजडी! माझी आजी करायची तीच. मला आठवतं, शाळेत असताना वजडीच्या दिवशी मी खिडकी लावून घ्यायला सांगायचो, शेजारी वास जाऊ नये म्हणून. तिथं ममानं रस्त्याकडची खिडकी सताड उघडली होती. रविवार आहे, लोकांना कळू दे म्हणाली. बैलाचं डोकं शिजवलं तर तो पुरुषांचा मान. आणि आपल्या राज्यात २०१५ पासून बैल कापणं हा गुन्हा आहे. मी तिथं दोनदा वाढून घेतलं. एकदा माझ्यासाठी, एकदा आजीसाठी.

पण तिथं सगळं गोड होतं असं सांगायला मी इथं आलो नाही. खोटं सांगणारे पुष्कळ आहेत. थोरल्याची बायको घरात डोकं झाकून वावरायची. सासऱ्याचं नाव तर नाहीच, त्या नावासारखा वाजणारा शब्दसुद्धा तोंडात आणायचा नाही, त्याऐवजी दुसरा शब्द. याला 'ह्लोनिफा' म्हणतात, म्हणजे आदर. मी आमच्या उखाण्याचं सांगितलं तेव्हा ती पदर तोंडाशी नेल्यासारखी हसली. एकदा मी माझी ताटली धुवायला घेतली तर गोगो ओरडली. पुरुषानं ताटल्या धुतल्या तर सुना काय करतील? मी म्हणलं, झोपतील. सून वळून भिंतीकडं बघत हसत होती. म्हातारी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

मोठ्यांसमोर ताठ उभं राहायचं नाही, आल्या आल्या खाली बसायचं, नजर खाली ठेवायची, वस्तू घेताना उजव्या हाताला डाव्याचा आधार द्यायचा. हे करताना माझी मान आधी ताठ व्हायची. नजर खाली ठेवायला आपल्याला गावानं शिकवलं आणि बाबासाहेबांनी ती वर उचलायला शिकवली. पण मी पाहिलं, तिथं बाबासुद्धा आपल्या आईसमोर नजर खाली ठेवत होता. आणि ती म्हातारी, एखाद्या पोराकडून पाणी घेताना तीही दोन्ही हात पुढं करायची. तेव्हा मान जरा सैल झाली.

बाबा गोदी कामगार. होता म्हणा, निवृत्त झालेला. पहिल्या रात्री त्यानं माझा शर्ट खांद्यावरून बाजूला केला, घट्टा पाहिला, आणि आपला दाखवला. त्यानंतर आम्हाला भाषा फारशी लागली नाही. त्याचे बाप-आजे दरबानच्या धक्क्यावर रोजंदारीचे हमाल. त्या रोजंदारीला 'टॉख्त' म्हणायचे. १८७० च्या दशकात गोऱ्यांनी या हमालांना नोंदणी करायला लावली आणि अंगावर बिल्ला. बिल्ला नाही तर शहरात राहायचं नाही. त्याचा बाप ऑक्टोबर १९७२ च्या दरबान गोदीतल्या संपात होता. पुढं जानेवारी १९७३ मध्ये विटांच्या कारखान्यातून संप उठला आणि तीन महिन्यांत दरबान परिसरात लाखभर कामगार बाहेर पडले. काळ्या कामगारांच्या युनियनला कायद्यानं मान्यता नव्हती तेव्हा! पुढारी पकडले जातात म्हणून पुढारीच पुढं करायचा नाही, सगळ्यांनी एकदम बोलायचं, असं ते लढले. आणि एप्रिल २००८ मध्ये झिंबाब्वेच्या राजवटीसाठी हत्यारं घेऊन चिनी जहाज दरबानला आलं, तेव्हा गोदी कामगारांच्या युनियननं माल उतरवायला नकार दिला. जहाज भरल्या पोटी परत गेलं. बाबा त्या वर्षी धक्क्यावर होता. तो म्हणाला, भीमा, जन्मभर उचललेलं मला काही आठवत नाही. न उचललेलं तेवढं आठवतं.

आता ज्यासाठी उभा राहिलो तिकडं येतो. इथून पुढं माझीच लाज आहे.

वर्गाला जाताना पंधरा जणांच्या टॅक्सीनं जायचो. मागचा माणूस भाड्याचे पैसे पुढच्याच्या हातात देतो, तो त्याच्या पुढच्याच्या, आणि सुट्टे तसेच हातोहात मागं येतात. कुणाचा हात कुणाला लागला ते कुणी बघत नाही. मला ते फार आवडायचं. एक दिवस मागनं एक पोरगा दुसऱ्याला म्हणाला, 'इकुला'. कुली. तिथल्या हिंदी माणसाला दिलेली शिवी. १८६० पासून इंग्रजांनी उसाच्या मळ्यांसाठी मद्रास-कलकत्त्याहून करारावर मजूर नेले, १९११ पर्यंत दीड लाखावर माणसं. त्यांना गोऱ्यांनी कुली म्हटलं, तो शब्द झुलूत उतरला. मला हसू आलं. अरे, मी तर खरोखरचाच कुली! पण आतून लागलं. आणि लागलं म्हणूनच पुढचं घडलं.

एका ओळखीतून चॅट्सवर्थला जेवायला बोलावणं आलं. चॅट्सवर्थ म्हणजे हिंदी लोकांची वसाहत, उम्लाझीला अगदी लागून. गोऱ्यांनी १९५० च्या ग्रुप एरियाज कायद्यानं शहर कापलं. काळे बाहेर, गोरे आत, आणि मधे हिंदी, उशीसारखे. घर तमिळ मुळाचं. भली माणसं. त्यांनी माझी जात विचारली नाही. पणज्यांच्या बोटीतच ती बरीचशी बुडाली होती. एका टेबलावर, एका भांड्यातनं वाढलं. हिंदी माणसाच्या घरात, कुणी काही न विचारता, आपला म्हणून इतक्या मानानं मी आयुष्यात पहिल्यांदा जेवलो. मग यजमानांनी विचारलं, 'तुम्ही त्या लोकांत कसे राहता हो? चोऱ्या करतात, घाण असतात. आमच्याकडं राहायला या.'

आणि मी गप्प बसलो.

गप्प बसलो आणि भात कालवत राहिलो. दोस्तांनो, तो आवाज मी ओळखत होतो. 'त्या लोकांत.' आपल्या वस्तीबद्दल हेच शब्द, हाच सूर. फक्त या वेळी मी टेबलाच्या वरच्या बाजूला होतो. आणि सांगू? बरं वाटलं. कुणाच्या तरी वर असणं म्हणजे काय ते पहिल्यांदा चाखलं, आणि ते कडू लागलं नाही. ते गोड लागतं. म्हणून तर टिकलंय.

घरी आलो. ममानं विचारलं, काय जेवलास? मी जेवण सांगितलं. रात्री झोप लागेना. दुसऱ्या दिवशी टेबलावर सगळ्यांसमोर बाकीचंही सांगितलं. माझ्या गप्प बसण्यासकट. धाकट्याचा चेहरा बदलला. जुलै २०२१ मध्ये देशात दंगली-लुटालूट झाली, तेव्हा दरबानच्या फिनिक्स या हिंदी वसाहतीत लोकांनी हत्यारं घेऊन नाकी उभी केली. तिथं छत्तीस माणसं मेली, बहुतेक काळी. त्याच्या ओळखीतलं कुणी त्यात होतं. तो उठून बाहेर गेला.

गोगो बोलली. १९४९ च्या जानेवारीत ती नऊ वर्षांची होती. तेव्हा ते उम्खुम्बाने, म्हणजे केटो मॅनरमध्ये राहायचे. जमीन हिंदी मालकांची, त्यावर झुलूंच्या भाड्याच्या झोपड्या. बाजारात एका हिंदी दुकानदारानं आफ्रिकन पोराला मारलं आणि शहर पेटलं. सरकारी मोजणीत १४२ मेले. ८७ आफ्रिकन, ५० हिंदी. तिनं दुकानं जळताना पाहिली. ती म्हणाली, शेजारची हिंदी बाई माझ्या आईकडनं उधार पीठ न्यायची, त्या दिवसानंतर ती पुन्हा दिसली नाही. आईनं त्या पिठाचं नाव पुन्हा काढलं नाही. मग १९५८ पासून सरकारनं सगळं उम्खुम्बाने उठवलं. झुलूंना क्वामाशू आणि उम्लाझी, हिंदींना चॅट्सवर्थ. म्हातारी म्हणाली, 'गोऱ्यांनी ज्या ट्रकात आम्हाला घातलं, तसल्याच ट्रकात त्यांनाही घातलं. पण ते ट्रकातनं आमच्याकडं बघत नव्हते.'

या गोष्टीला एक जुनं मूळ आहे. १८९० च्या दशकात दरबानच्या पोस्ट ऑफिसला दोन दारं होती. एक गोऱ्यांचं, दुसरं काळ्यांचं आणि आशियाई लोकांचं. हिंदी व्यापाऱ्यांना तो अपमान वाटला. बॅरिस्टर गांधी तेव्हा तिथं होते. अर्ज झाला. निकाल काय लागला? मधली भिंत पडली का? नाही. तिसरा दरवाजा मिळाला. १८९६ सालच्या पत्रकात गांधींनी स्वतःच हे लिहून ठेवलं आहे. पुढच्या गांधींबद्दल पुढं भांडू, आज दरवाजाबद्दल बोलतोय. एका अर्जानं पुढचे सगळे कायदे झाले असं मी म्हणत नाही. कायदे गोऱ्यांनी केले. पण तिसरा दरवाजा म्हणजे काय हे त्यांना चांगलं कळलं होतं. तिसऱ्या दाराचं पुढं तिसरं शहर झालं. १९८४ साली तर पार्लमेंटलाच तीन सभागृहं केली. गोऱ्यांचं, मिश्रवर्णीयांचं, हिंदींचं. काळ्यांना एकही नाही.

पण त्या निवडणुकीकडं बहुतेक हिंदी मतदारांनी पाठ फिरवली, हेही लिहून घ्या. त्याआधी दरबानच्याच मेडिकल कॉलेजात शिकणाऱ्या स्टीव्ह बिकोनं आणि त्याच्या साथींनी काळ्या विद्यार्थ्यांची संघटना उभी केली. त्यांनी 'ब्लॅक' या शब्दाचा अर्थच उघडला. आफ्रिकन, मिश्रवर्णीय, हिंदी, जे जे दडपलेले आणि लढायला उभे, ते ब्लॅक. स्ट्रिनी मूडली, साथ्स कूपर, ही हिंदी घरातली पोरं स्वतःला ब्लॅक म्हणवून रॉबेन बेटावरच्या तुरुंगात गेली. तिसरं दार उघडं असताना ती त्यातनं गेली नाहीत. आणि त्याच सुमाराला, १९७३ साली, मुंबईत पँथरच्या जाहीरनाम्यानं 'दलित' या शब्दाचं दार असंच सताड उघडलं होतं. अनुसूचित जाती-जमाती, नवबौद्ध, कामगार, भूमिहीन, स्त्रिया. दोन गोद्या, एक समुद्र, एकाच काळातले दोन शब्द. हे मी गोगोला सांगितलं. ती म्हणाली, शब्द चांगला आहे. त्यात राहतं कोण?

कुणी म्हणेल, बाबासाहेबांनीही वेगळे मतदारसंघ मागितले होते. मागितले होते, सत्तेतला वाटा म्हणून. कुणाच्या तरी दोन पायऱ्या वरचं दार म्हणून नव्हे. महाडला १९२७ साली त्यांनी आमच्यासाठी वेगळं तळं खणून द्या असा अर्ज केला नाही. आहे त्याच चवदार तळ्यावर ते गेले.

मग आपली तिसरी दारं कुठली? माझ्या टोळीत आम्ही चौदा जण. मातंगाच्या पोराच्या डब्यातलं खायला आमच्यातलेच दोघे अजून मान वळवतात. लग्न ठरवताना आमच्याच आया 'गोरी बघा' म्हणतात. धक्क्यावर आफ्रिकन खलाशी उतरला की 'हबशी' म्हणून पहिली हाळी आमच्याच टोळीतनं जाते, आणि ती मीही दिलेली आहे.

निघायच्या आदल्या रात्री ममानं उसू केलं. धाकटा टेबलावर बसला. चॅट्सवर्थची गोष्ट सांगितल्यापासून तो माझ्याशी बेतानंच बोलत होता. गोगोनं मला विचारलं, 'भीमा, हा मॅट्रिक झाल्यावर तुमच्याकडं शिकायला आला, तर राहील कुणाच्या घरी?'

मी पटकन म्हणलं, माझ्या.

धाकट्यानं मान वर करून पाहिलं. त्यानं २०१७ साली ग्रेटर नोएडात आफ्रिकन विद्यार्थ्यांना जमावानं मारलं ते मोबाइलवर बघितलं होतं. त्यानं मला एकच विचारलं, 'तुझ्या शेजाऱ्यांना विचारलंस?'

नव्हतं विचारलं. आल्यावर विचारलं. दहा बाय बाराची खोली, माझी आई, भाऊ, मी. आई म्हणाली, येऊ दे, वजडी खातो ना? चाळीतल्या दोघांनी दार लावून घेतलं. एकजण, जो चौदा एप्रिलला सगळ्यात पुढं नाचतो, तो म्हणाला, 'तसली माणसं इथं नकोत.'

पोरगा मॅट्रिक पास झाला. मागच्या महिन्यात त्याचा निरोप आला, फॉर्म भरतोय. दोस्तांनो, माझं भाषण हेच आहे. माझ्या खोलीत तो राहील, पण चाळीत त्याला राहता आलं पाहिजे, आणि ते मला एकट्याला जमणारं नाही. आमच्या चाळीत येऊन त्या बंद दोन दारांशी माझ्याबरोबर कोण उभं राहणार आहे, त्यांनी सभा संपल्यावर मला भेटा. टाळ्या नकोत. पत्ता लिहून द्या.

जय भीम.